ओनर की आणि आपली ट्रंक

आंजर्ले, २२ मे

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

परवा हाइव्हचं, म्हणजे तू ज्या ब्लॉकचेनवर लिहितेस तिथलं, खातं दाखवताना तू ओनर की, म्हणजे अक्षरा-आकड्यांची ती सर्वांत मोठी गुप्त किल्ली, फोनमधल्या फोटोंतून शोधून काढलीस. फणसाच्या फोटोशेजारीच होती ती. आई पानं वाढत होती म्हणून तेव्हा बोललो नाही, पण ते काही डोक्यातून जात नाही. तो फोटो आपोआप क्लाउडवर गेलेला असणार. नुसता पुसून भागायचं नाही, की बदलावीच लागेल.

तूच सांगितलंस ना, लिखाणाला पोस्टिंग की पुरते, पैसे हलवायला ॲक्टिव्ह लागते आणि ओनर कीने तर सगळ्याच की बदलता येतात, ती स्वतःसुद्धा. मग ती रोज खिशात कशाला? मी ३१ वर्षं बँकेच्या कॅशमध्ये काढली. स्ट्राँगरूमच्या किल्ल्या कधी एकट्याच्या हाती नसत, आणि डुप्लिकेट जोड लाखेने सील होऊन दुसऱ्या शाखेत जाई. लॉकरची किल्ली हरवली तर गिऱ्हाईक अर्ज देई, माणूस येऊन कुलूप फोडी, खर्च गिऱ्हाइकाचा. तुझ्या कुलपाला असा फोडणारा माणूसच नाही. चोराने की बदलून टाकली तर त्यानंतर ३० दिवसांच्या आत रिकव्हरी अकाउंटच्या, म्हणजे त्यासाठी नेमलेल्या दुसऱ्या खात्याच्या, मदतीने खातं परत घेता येतं, पण त्यालाही तुझी आधीची ओनर की हाताशी लागतेच. ती हरवली तर कुणाकडे अर्ज करणार?

३ जून २०२० तुला आठवत असेल. निसर्ग वादळात माडीची कौलं उडाली आणि ट्रंकेत पाणी शिरलं. आबांच्या वाडीच्या वह्या आपण अंगणात वाळत घातल्या, तेव्हा शाईने लिहिलेलं सगळं निळं पाणी झालं होतं. शिसपेन्सिलीने टिपलेले सुपारीचे आकडे मात्र जसेच्या तसे. म्हणून एक प्रत शिसपेन्सिलीने लिही आणि पुण्यात तुझ्याजवळ ठेव.

कागदाला वाळवी, कसर आहेच. दुसरी प्रत स्टीलच्या पट्टीवर ठोकून काढू. आजीच्या हंड्यावर ठोकलेलं नाव अजून बोटाला लागतं बघ. पट्टी ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलची हवी, साधं स्टील इथल्या खाऱ्या हवेत डागाळतं. पण अक्षरं दुकानात ठोकून घ्यायची नाहीत. ज्याने वाचली, तो मालक. अक्षरं ठोकायच्या पंचांचा सेट मिळतो, त्यात स्मॉल आणि कॅपिटल दोन्ही अक्षरं आणि आकडे आहेत ना बघून घे. तुझ्या कीत ५१ अक्षरं आहेत. शून्य, कॅपिटल ओ, कॅपिटल आय आणि स्मॉल एल ही चार त्यात येत नाहीत, तेवढा घोळ टळतो. सी, एस, डब्ल्यू, झेड मात्र लहान-मोठी सारखीच दिसतात. कॅपिटलखाली रेघ मारायची, दोन्ही प्रतींत.

आणि हे विसरू नकोस: शाखेत डुप्लिकेट किल्ली कुलपाला लावून पाहिल्याशिवाय आम्ही पाकिटात घालत नसू. नवी की खात्याला लावण्याआधी तू प्रतीवरून वाचून ती टाइप कर, कॉपी-पेस्ट नको. तिच्यातून निघणारी पब्लिक की, म्हणजे उघड दाखवायची जोडीची की, नव्या पब्लिक कीशी जुळली की मगच बदल कर. पट्टीवरूनही तसंच, वेगळं.

पट्टी पाकिटात घालून, लाखेने सील करून दापोलीच्या लॉकरमध्ये ठेवीन. समुद्रापासून तेवढीच लांब. पाकिटावर खात्याचं नाव नको. सील मोडलेलं दिसलं तर त्याच दिवशी की बदलायची. कुठे काय ठेवलंय ते दादाला सांगून ठेव. अक्षरं त्यालाही नकोत. तुझं चार वर्षांचं लिखाण त्या खात्यावर आहे गं, मला पैशांपेक्षा त्याची काळजी वाटते.

मिरग लागायच्या आत एक दिवस काढून ये. पट्टी मी हर्णैहून आणतो, तिथे बोटीवाल्यांकडे मिळते. पंच तू पुण्याहून आण. आईने पायरीचे आंबे तुझ्यासाठी आढीत घातले आहेत.

तुझे बाबा