वहिनींची गोळी, ताईंची गोळी

कोथरूड, पुणे

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

वहिनींचे आणि ताईंचे थायरॉइडचे दोन्ही रिपोर्ट नीट पाहिले. ग्रंथी एकच, पण दुखणी उलट्या दिशेची. वहिनींची थायरॉइड मंदावली आहे, म्हणून मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी तिला जोराने हाकते आणि टीएसएच (पिट्युटरीचं हे हाकणारं हार्मोन) १८ वर जातो. ताईंची उधळली आहे, त्यामुळे त्यांचा टीएसएच जवळपास शून्य.

वहिनींची थायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉइडच्याच हार्मोनची, ७५ मायक्रोग्रॅमची गोळी ठीक आहे. पूर्ण डोस वजनाच्या किलोमागे साधारण १.६ मायक्रोग्रॅम लागतो, तो पुढे टीएसएच बघून ठरेल. घोळ होतो तो घेण्यात. सकाळी उठल्यावर साध्या पाण्याबरोबर गोळी, मग निदान अर्धा तास, शक्यतो तासभर चहा नाही. चहाबरोबर ती नीट शोषली जात नाही, टीएसएच उतरत नाही आणि उगाच डोस वाढवला जातो. कॅल्शियम, लोह, ॲसिडिटीची औषधं चार तासांनंतरच. बाटली ओट्याजवळ ठेवू नका, पावसाळ्यात तिथे ओल आणि उष्णता दोन्ही असतात.

पुढची तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी. हे औषध शरीरातून निम्मं व्हायलाच सुमारे आठवडा लागतो, त्यामुळे पंधरा दिवसांत टीएसएच बघून काही कळत नाही. एखादा दिवस चुकला तरी घाबरू नये, पण रोज चुकवू नये. वहिनी केसांसाठी बायोटिन हे जीवनसत्त्व घेत असतील तर रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस बंद ठेवायला सांग. त्याने आकडे फसवे येतात.

ताईंना ग्रेव्ह्ज आहे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉइडला उधळवते. त्यांची गोळी कार्बिमाझोल ग्रंथीला नवं हार्मोन बनवू देत नाही, पण साठलेलं संपायला काही आठवडे लागतात. तोवरच्या धडधडीसाठी आणि हातांच्या थरथरीसाठी प्रोप्रानोलोल आहे. दमा असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगावं. कोर्स साधारण १२ ते १८ महिन्यांचा. टीएसएच बरेच महिने खालीच राहू शकतो, म्हणून आधी फ्री टी४ आणि टी३, म्हणजे रक्तातली थायरॉइडची हार्मोन्स, बघतात.

एक गोष्ट मात्र फ्रिजवर लिहून चिकटव: कार्बिमाझोल चालू असताना ताप आला, घसा दुखला किंवा तोंडात फोड आले, तर गोळी थांबवून त्याच दिवशी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करायचा आणि डॉक्टरांना कळवायचं. क्वचित पांढऱ्या पेशी एकदम घटतात, तेव्हा उशीर जिवावर बेततो.

औषधाने भागलं नाही तर रेडिओआयोडीन (ग्रंथी निकामी करणारं किरणोत्सारी आयोडीन) किंवा शस्त्रक्रिया. त्यानंतर बहुतेकांना वहिनींचीच गोळी कायम लागते, हे ताईंना आधीच सांग. तोवर दोन्ही बाटल्या वेगवेगळ्या कपाटांत ठेव.

पुढचे रिपोर्ट आले की लगेच फोटो पाठव.

तुझा,
विनय