पाचशेच्या मुद्रांकाविषयी महसूलमंत्र्यांना खुले पत्र

माननीय महसूलमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मी नाशिकचा दस्तलेखक. सीबीएसच्या, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाच्या परिसरात, जिल्हाधिकारी कार्यालयापासून चालत दोन मिनिटांवर माझं टेबल आहे. मुद्रांक विक्रीचा परवानाही आहे. लोकांचे अर्ज, भाडेकरार, हक्कसोडपत्रं, प्रतिज्ञापत्रं लिहिण्यात उमर गेली. मुद्रांक महागला की विक्रीवर आम्हाला मिळणारे चार पैसेही वाढतात, म्हणजे दरवाढीत माझं नुकसान नाही. तरी हे पत्र लिहितोय. शुल्कवाढीला विरोधी बाकांवरून झालेला विरोध आपण नुसतं राजकारण म्हणून बाजूला सारू नये, एवढंच मला सांगायचं आहे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये, विधानसभा निवडणुकीच्या अगदी तोंडावर अध्यादेश निघाला आणि शंभर-दोनशे रुपयांच्या मुद्रांकाच्या जागी पाचशेचा आला. प्रतिज्ञापत्र पाचशे. बहिणीने भावाच्या नावे हक्क सोडायचा, तो दस्तही दोनशेचा पाचशेवर. आमच्याकडे शंभराचे मुद्रांक शिल्लक होते, ते पाच-पाच जोडून आम्ही देत होतो. माणूस एक ओळ लिहून घ्यायला यायचा आणि हातात पाच कागदांची चळत घेऊन उभा राहायचा. हे सगळं कधी ठरलं, असं लोक मला विचारायचे. सभागृहात चर्चा होण्याआधीच अंमल सुरू झाला होता, मी काय सांगणार?

फेब्रुवारी २०२५ मधली एक सकाळ डोळ्यांपुढून जात नाही. पेठ तालुक्यातली एक बाई मुलीला घेऊन पहिल्या एसटीने आली होती. २५ जानेवारीपासून एसटीचं भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलेलं. मुलीच्या शिक्षणाच्या कागदांसाठी प्रतिज्ञापत्र हवं होतं. सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क २००४ सालीच माफ झालंय, हे मी तिला सांगितलं आणि साध्या कागदावर लिहून दिलं. अर्ध्या तासात दोघी परत आल्या. “दादा, खिडकीवर म्हणतात पाचशेचाच पाहिजे. थोरल्याच्या वेळी शंभराचा चालला होता ना?” तिने पदराची गाठ सोडली. दोनशेची एक नोट, बाकी पन्नास, वीस, दहाच्या घड्या. टेबलावर एकेक नोट सपाट करत तिने पाचशे मोजले. मग उरलेले पैसे मुलीच्या हातात देऊन म्हणाली, “तिकिटाला पुरतात का बघ.” मुलगी मान खाली घालून मोजत राहिली.

साहेब, तो मुद्रांक मीच विकला. नोंदवहीत तिचा अंगठा मीच घेतला.

विरोधक म्हणतात, एका हाताने बहिणीला महिन्याला दीड हजार द्यायचे आणि दुसऱ्या हाताने तिच्याच घरातून काढून घ्यायचे. मी कोणत्याही पक्षाचा नाही. पण हे वाक्य ऐकलं की मला ती गाठ आठवते. आज २८८ जणांच्या सभागृहात विरोधातल्या एकाही पक्षाने निवडणुकीत दहा टक्के जागा मिळवलेल्या नाहीत. त्यांतल्या सर्वांत मोठ्या पक्षाचे २० आमदार निवडून आले. आवाज इतका क्षीण असताना तो जास्त कान देऊन ऐकायला हवा.

मार्च २०२५ मध्ये आपण जात, उत्पन्न, रहिवास अशा दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्रांचे पाचशे रुपये माफ केल्याचं जाहीर केलंत. त्याबद्दल मनापासून आभार. पण मग आक्षेप खराच होता ना? मधल्या पाच महिन्यांत ज्यांनी पैसे मोजले, त्यांचे गेले ते गेलेच. आणि माफीची बातमी छापून आल्यावरही लोक माझ्याकडे येऊन दबक्या आवाजात विचारतात, “नक्की लागत नाही ना?”

आम्हा नाशिककरांना हा अनुभव नवा नाही. २०१८ मध्ये महापालिका प्रशासनाने घरपट्टीचा पाया असलेलं वार्षिक भाडेमूल्य एकदम वाढवलं, मोकळ्या जागा आणि शेतजमिनीही त्यात ओढल्या. तेव्हा विरोधकच काय, महापालिकेतली सत्ताधारी मंडळीही विरोधात उभी राहिली आणि प्रशासनाला दर काही प्रमाणात खाली आणावे लागले. उलट १ सप्टेंबर २०२० पासून चार महिने घरखरेदीवरचं मुद्रांक शुल्क तीन टक्क्यांनी कमी केलं, तेव्हा डिसेंबरअखेर दुय्यम निबंधक कार्यालयांत उभं राहायला जागा नव्हती. तो निर्णय घेणाऱ्यांपैकी बरेच जण आज विरोधी बाकांवर आहेत. त्यांच्या बोलण्यात अनुभव नाही, असं म्हणता येणार नाही.

राज्यावर नऊ लाख कोटींहून जास्त कर्ज आहे, आमच्याकडे सिंहस्थ तोंडावर आलाय. पैसा लागतो, हे मला कळतं. पण फ्लॅट घेणारा आपल्या ऐपतीने घेतो. दाखला मात्र सरकारच मागतं, म्हणून माणूस काढतो. तो मागायचा आणि त्याच्यावर कमाईही करायची, हे मला पटत नाही. २०२५ मध्ये ‘आपले सरकार’ केंद्रातलं वीस रुपयांचं शुल्क पन्नास करण्याचा निर्णय झाला, तेव्हाही मला हेच वाटलं.

माझ्या दोन विनंत्या आहेत. यापुढे दाखले, प्रतिज्ञापत्रं, हक्कसोडपत्रं यांचं शुल्क वाढवायचं झालं, तर अंमल सुरू होण्याआधी तो विषय सभागृहात येऊ द्या आणि विरोधकांना बोलू द्या. दुसरी, प्रत्येक तहसील आणि सेतूच्या खिडकीवर ठळक मराठीत एक फलक लावा: ‘या कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक लागत नाही.’ खाली तक्रारीचा फोन नंबर द्या. फलक नाशिकमध्ये लावायचा असेल, तर रंगवून द्यायचा खर्च मी करीन.

कळावे,

आपला,
एक दस्तलेखक व मुद्रांक विक्रेता, नाशिक