परिचय-पुस्तिकेतून माझे नाव काढणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

साष्टांग नमस्कार.

आपल्या समाजाच्या उपवर-वधू परिचय-पुस्तिकेचे काम तुम्ही अनेक वर्षे एक पैसा न घेता केले, आणि त्याबद्दल नागपुरातल्या कितीतरी घरांनी तुमचे आभार मानले असतील. त्या सर्वांची नावे तुम्ही छापली होती. माझे छापले नाही, म्हणून मी आभार मानतो आहे. हे पत्र खासगी न ठेवता उघडपणे लिहितो, कारण तुम्हीही तुमचे मत बंद दाराआड न सांगता कार्यकारिणीच्या बैठकीत, ज्यांच्याशी रोज संबंध येतो त्या माणसांसमोर मांडले.

फॉर्म आईने भरला होता. रास, नाडी, गण, उंची, मामेकुळ, वार्षिक उत्पन्न, मुलीकडून अपेक्षा, सगळे रकाने तिच्या सुबक अक्षरात. मी समलिंगी आहे हे मी तिला आधीच सांगितलेले होते. तिला कोणाला फसवायचे नव्हते. लग्न झाले की सगळे मार्गी लागते, ही आपल्याकडची सर्वमान्य समजूत तिच्याही मनात पक्की बसलेली होती. मी तुम्हाला फोन करून नाव काढण्याची विनंती केली आणि कारणही सांगितले. तुम्ही थोडा वेळ गप्प राहिलात आणि मग म्हणालात, “बरं झालं वेळेवर सांगितलं. नाहीतर त्या पोरीच्या बापाले मी काय तोंड दाखवलं असतं?”

त्या उत्तरात माझ्याविषयी सहानुभूतीचा एक शब्दही नव्हता, तरीही आपल्या समाजात या विषयावर मी ऐकलेले ते सर्वांत प्रामाणिक बोलणे होते. आपल्या घरांत समलिंगी मुलाचे लग्न लावून देण्याला आईबापाचे कर्तव्य समजले जाते. पण त्या कर्तव्याची किंमत जी चुकवते, ती दुसऱ्याच घरातून आलेली, काहीही न सांगितलेली मुलगी असते. नंतर तुम्ही आमच्या घरी आलात तेव्हा अशाच एका मुलीची हकिगत आईला सांगितलीत: वर्षभरात ती माहेरी परतली आणि ‘हिच्यातच काहीतरी खोट असेल’ म्हणून सगळ्यांनी तिलाच बोल लावला. सोयरिकी जुळवण्यात अर्धे आयुष्य घातलेल्या माणसाच्या तोंडून ते ऐकल्यावर आईने तो विषय पुन्हा काढला नाही. माझ्या सगळ्या युक्तिवादांनी जे साधले नव्हते ते तुमच्या एका अनुभवाने साधले, याचे मला थोडे वाईटही वाटले, पण ते असो.

काका, आपल्याकडचा पूर्वग्रह क्वचितच आरडाओरडा करतो. मला कोणी मारले नाही, घराबाहेर काढले नाही. एकदा इतवारीत नेहरू पुतळ्याजवळ मारबती, म्हणजे रोगराई घेऊन जा म्हणत मिरवणुकीने नेतात ते पुतळे, बघायला सगळे उभे असताना आमच्या एका नातेवाइकांनी माझ्याकडे बघून ‘याची बी रोगराई घेऊन जा गे मारबत’ म्हटले आणि घरची सगळी मंडळी हसली. प्रेमाच्या माणसांमधले असे हसणे, आणि त्याच्या जोडीला ‘धाकटीचे लग्न व्हायचे आहे, निदान तोवर तरी गप्प राहा’ ही विनवणी, एवढ्यावर आपल्याकडे माणूस आयुष्यभर गप्प बसवता येतो.

रोगराईवरून आठवले. एका गृहस्थांनी ‘बरा करून देतो’ असे सांगून वडिलांकडून आगाऊ पैसेही घेतले होते. तेव्हा तुम्हीच वडिलांना घेऊन एका मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलात आणि बाहेर न थांबता आत बसलात. डॉक्टरांनी सांगितले की जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच समलैंगिकतेला आजारांच्या यादीतून वगळले आहे. भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१८ मध्ये तो आजार नसल्याचे जाहीर केले आहे. आणि मद्रास उच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये असल्या ‘उपचारां’ना डॉक्टरचे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहे. वडिलांनी परतीच्या वाटेवर एकच प्रश्न विचारला, तो पैसे परत मिळतील का, हा. ते मिळाले नाहीत.

बैठकीला मी नव्हतो. जे घडले ते वडिलांनी घरी येऊन, थोडे अडखळत, पण काहीही न गाळता सांगितले. एका सदस्यांनी हे सगळे पाश्चात्त्यांचे फॅड असून आपल्या संस्कृतीत बसत नाही असा मुद्दा काढला. कोर्टात नोकरी केलेल्या तुमच्यासारख्या माणसासमोर त्यांनी तो काढायला नको होता. या संबंधांना गुन्हा ठरवणारे कलम ३७७ हे १८६० च्या दंडसंहितेत इंग्रजांनी घातले आणि ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी एकमताने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना त्यातून मुक्त केले, तेव्हा बाहेरचे नेमके काय, असे तुम्ही विचारलेत. र. धों. कर्व्यांची आठवणही तुम्ही काढलीत. ‘समाजस्वास्थ्य’ या आपल्या मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना, त्यांत समलिंगी संबंधांविषयीच्याही, उत्तरे दिली म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि १९३४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. खटला ते हरले, कर्व्यांना दंड झाला. पण ही चर्चा नव्वद वर्षांपूर्वी मराठीत सुरू होती. दीक्षाभूमीच्या शहरात राहून हे ठाऊक नसावे याचे नवल वाटते, हे तुमचे शेवटचे वाक्य बैठकीत अनेकांना झोंबले म्हणे.

त्यावर कोणीतरी २०२३ चा निकाल पुढे केला: सर्वोच्च न्यायालयानेच समलिंगी विवाहाला मान्यता नाकारली आहे. तुम्ही म्हणालात, “लग्नाचा हक्क दिला नाही हे खरं, पण जबरदस्तीने पोरीशी लग्न लावा असं कोर्टाने कुठं म्हटलं?”

पुढच्या वर्षीच्या पुस्तिकेवर तुमचे नाव ‘संपादक’ऐवजी ‘सल्लागार’ म्हणून छापले गेले. आपल्या मंडळांमध्ये सल्लागाराचा सल्ला किती घेतला जातो, हे आपण दोघेही जाणतो. तुम्ही त्याबद्दल चकार शब्द काढला नाहीत, म्हणून मीच इथे नोंदवून ठेवतो.

सर्वांत मोठे ऋण मात्र बहिणीच्या सोयरिकीचे आहे. आमच्या घरातली सगळी भीती तिथेच येऊन थांबत होती. स्थळ आले की तुम्ही आधी तिची परवानगी घ्यायचात, माझी घ्यायचात, आणि मग मुलाकडच्यांना स्वतः सांगायचात, म्हणजे मागाहून कोणी ‘लपवले’ म्हणू नये. एक स्थळ त्यावरून मोडले. दुसऱ्या घरातल्या आजींनी ‘मुलगी कशी आहे ते सांगा’ एवढेच विचारले, आणि आज ती त्या घरात सुखाने नांदते आहे. भाऊबीजेला मला तिथे हक्काने बोलावतात. वडील अजूनही या विषयावर माझ्याशी बोलत नाहीत, पण ‘तोवर गप्प राहा’ हे वाक्य आता आमच्या घरात कोणी उच्चारत नाही.

जाता जाता एक काम सांगतो, कारण तुम्हाला कामाशिवाय पत्र लिहिले तर आवडणार नाही. मानेवाड्याकडच्या एका आईंना तुमच्याशी बोलायचे आहे. त्यांच्या मुलाने त्यांना नुकतेच सांगितले आहे आणि परिचय मेळाव्याचा फॉर्म त्यांच्या घरात भरून तयार आहे. मुलाची संमती मी घेतली आहे. येत्या रविवारी त्यांना तुमच्याकडे घेऊन आलो तर चालेल का?

तुमचा मानलेला पुतण्या,
नंदनवन, नागपूर