गेमचा तास कोणाच्या वाट्यातून जातो?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेमिंग म्हटलं की पेपरात दोनच प्रकारच्या बातम्या दिसतात, एक तर कुठल्यातरी पोराने आईच्या खात्यातले पैसे उडवले नाहीतर कोणीतरी ऑनलाइन जुगारात बुडाला. पण चाळिशीला टेकलेली, नोकरी करणारी, घरात बायको आणि लहान मूल असलेली आमच्यासारखी माणसंपण रात्री कॉम्प्युटरवर गेम खेळतात आणि त्यावरून घराघरात कुरबुरी चालू असतात, त्याबद्दल कोणी लिहीत नाही. म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

मी ठाण्यात वर्तकनगरला राहतो, ऑफिस महापेला. सकाळी टीएमटीच्या बसने स्टेशन, मग ट्रान्सहार्बर लोकलने घणसोली, पुढे शेअर रिक्षा, संध्याकाळी हेच उलट. बायको बँकेत, तिलाही घरी पोचायला साडेसात होतात. मुलगी पाच वर्षांची. आई आमच्याकडेच असते, पण तिचे गुडघे दुखतात, तिच्यावर किती टाकणार. जेवणं आवरून मुलगी झोपेपर्यंत दहा वाजतात आणि दहा ते बारा काय तो वेळ उरतो.

गेमची आवड कॉलेजपासूनची. नौपाड्यात एका सायबर कॅफेत तासाला वीस रुपये देऊन आम्ही पाच जण शेजारी शेजारी बसून काउंटर-स्ट्राइक खेळायचो, म्हणजे पाच-पाच जणांच्या दोन टीमचा गोळीबाराचा गेम. तेच पाच जण अजून खेळतो, फक्त आता एक पुण्यात, एक बंगळुरूला, एक दुबईत आणि आम्ही दोघं ठाण्यात. हेडफोनवर नुसता गेम नसतो हो. आमच्यातल्या एकाचे वडील गेले तेव्हा महिनाभर तो घरात कोणाशी धड बोलला नव्हता, शेवटी मोकळा झाला तो आमच्यापाशी, मॅच संपल्यावर, रात्री एक वाजता. म्हणून 'लहान आहेस का आता, सोड ते' असं कोणी म्हटलं की मला खरंच वाईट वाटतं. रविवारी मैदानावर क्रिकेटला जाणाऱ्याला नाहीतर पहाटे येऊरचा डोंगर चढणाऱ्याला असं कोणी म्हणत नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा आला तेव्हा आमच्या मामांनी फोन करून विचारलं, 'तुझं ते बंद झालं ना एकदाचं?' मी सांगून दमलो की मामा, ती बंदी पैशाच्या खेळांवर आहे, ई-स्पोर्ट्स म्हणजे स्पर्धेचे व्हिडिओ गेम त्याच कायद्यात वेगळे ठेवलेत, माझ्या गेममध्ये मी एक रुपया लावत नाही.

पैसा लावत नाही हे खरं. पण काय लावतो ते मला दोन वर्षांपूर्वी एका रविवारी कळलं.

बायको मुलीला घेऊन डोंबिवलीला माहेरी गेली होती. रात्री नऊच्या सुमारास परत आली तर सोसायटीची लिफ्ट बंद. मुलगी झोपलेली, ती खांद्यावर, एका हातात कपड्यांची बॅग, दुसऱ्या हातात तिच्या आईने दिलेली भाजणीची आणि लोणच्याची पिशवी. तिने खालून मला तीन फोन केले. माझा फोन सायलेंटवर, कानावर हेडफोन, अकरा-अकरा स्कोअर झालेला. आम्ही पाचव्या मजल्यावर राहतो. ती तेवढं सगळं घेऊन पाच मजले चढली, लॅचने दार उघडून आत आली, दारातच उभी राहिली, आणि मी मान न वळवता म्हणालो, 'पाच मिनिटं फक्त, शेवटचे राऊंड आहेत.'

ती काहीच बोलली नाही. मुलीला आत झोपवलं आणि किचनमध्ये गेली. मॅच आम्ही जिंकलो. उठून गेलो तर ओट्यावर पिशवी तशीच, लोणच्याची बरणी कलंडून तेल पिशवीभर झालेलं, आणि ती खाली बसून सोमवारच्या डब्यासाठी गवार निवडत होती. तळहातावर पिशवीच्या बंदाचे लाल वळ उठलेले. त्या हातांनी ती गवारीच्या शिरा काढत होती, ते मी अजून विसरलेलो नाही.

त्या रात्री झोप लागली नाही. मला व्यसन नाही हे स्वतःलाच सिद्ध करायला मी मोबाइलवर शोधत बसलो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत, जी २०१९ ला मंजूर झाली आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, गेमिंग डिसऑर्डर हा आजार म्हणून आहे. मी तासांचा आकडा शोधत होतो, की दिवसाला इतक्या तासांच्या वर गेलं तर आजार आणि आपण त्याच्या आत. तर तिथे तासांचा आकडाच नाही. खेळण्यावर ताबा राहतो का, बाकीच्या गोष्टींपेक्षा गेम पुढे जातो का, नुकसान दिसत असूनही माणूस खेळत राहतो का, आणि साधारण वर्षभर असंच चाललंय का, हे बघतात. माझं एवढं काही बिघडलेलं नव्हतं, ऑफिस नीट, झोप बऱ्यापैकी. पण ताब्याची ओळ वाचल्यावर दारात उभी असलेली बायकोच डोळ्यासमोर आली.

मला वाटतं घरातले सगळे वाद चुकीच्या प्रश्नावर चालतात. 'किती तास खेळतोस' यावर भांडण, मग तो म्हणणार दीड, ती म्हणणार तीन. खरा प्रश्न असा की तो तास आला कुठून? मी दहा ते बारा 'माझा वेळ' म्हणत होतो, पण त्याच वेळात घरात उद्याची मटकी भिजत पडत होती, डब्याची भाजी निवडली जात होती, मुलीचा युनिफॉर्म, पाण्याची बाटली, आईच्या गोळ्या, सगळं होत होतं, आणि हे करणारं माणूस एकच होतं. म्हणजे माझा दीड तास हा तिच्या दीड तासातून कापून आलेला होता. आणि हे क्रिकेटवाल्याला आणि येऊरवाल्यालाही तितकंच लागू आहे, त्यांना कोणी विचारत नाही एवढंच.

लग्नाआधी बायको महिन्यातून दोन तरी नाटकं बघायची. गडकरीला, घोडबंदरकडच्या घाणेकरला, कधी मैत्रिणींबरोबर वाशीला भावे नाट्यगृहात. मुलगी झाल्यापासून एकही नाही. पाच वर्षांत एकही नाही, आणि मला ते लक्षातसुद्धा आलं नव्हतं.

आता आमच्याकडे भिंतीवरच्या कालनिर्णयवर दुधाच्या हिशोबाच्या शेजारी दोघांचे वार लिहिलेले असतात. माझे मंगळवार आणि शुक्रवार रात्री, तिचा बुधवार रात्र आणि शनिवार दुपार. बुधवारी ती काय करते ते मी विचारत नाही, झोपते, फोनवर मैत्रिणीशी बोलते, काही का करेना. पहिले दोन महिने तिचा वार आला तरी ती कामंच करत राहायची, सवयच तशी, मग मी नऊ वाजताच भाजी निवडून ठेवायला लागलो तेव्हा कुठे ती खरोखर बसली.

गेमसुद्धा वारानुसार बदलले, आणि खेळणाऱ्या बाकीच्यांना मला हे खास सांगायचंय. मॅचचे गेम मध्ये सोडता येत नाहीत, काउंटर-स्ट्राइकमध्ये कॉम्पिटिटिव्ह मॅच अर्धवट टाकली तर कूलडाउन लागतो, म्हणजे काही काळ पुढची मॅच खेळता येत नाही, आणि बाकीचे चौघं लटकतात ते वेगळंच. आताच्या नियमात तेरा राऊंड जिंकेपर्यंत मॅच, म्हणजे अर्धा-पाऊण तास तुम्ही घरात असून नसल्यासारखे. असले गेम फक्त शुक्रवारी, आणि 'दहा ते साडेअकरा मी हाकेला येणार नाही' असं आधी सांगून. मंगळवारी एज ऑफ एम्पायर्स टू हा राज्य उभारून लढाया करायचा गेम, एकट्याने. एफ-थ्री दाबलं की अख्खं युद्ध जागच्या जागी थांबतं, मुलगी पाणी मागायला उठली की मी उठू शकतो. सिव्हिलायझेशनसारखे टर्नचे, म्हणजे बुद्धिबळासारखे पाळीपाळीने चाल करायचे गेम वरून निरुपद्रवी वाटतात कारण कधीही सेव्ह होतात, पण 'एक टर्न अजून' करता करता दोन वाजतात, ते मी लाँग वीकेंडलाच उघडतो. कीबोर्डपण बदलला. आधीचा ब्लू स्विचचा मेकॅनिकल होता, त्याच्या टकटकीने आतल्या खोलीत मुलगी कूस बदलायची.

सगळं सुरळीत झालंय असं नाही. क्लायंटचा कॉल मंगळवारी रात्रीच येतो, मुलीला ताप येतो, मग वार बुडतो आणि मला राग येतो, तो मी अजून लपवू शकत नाही. बुडालेला वार भरून द्यायचा की नाही यावर मागच्या महिन्यातच आमचं वाजलं.

अजून एक. माझ्या ऑफिसातली एक सहकारी माझ्यापेक्षा चांगली खेळते, लग्नाआधी रोज खेळायची. आता तिचा कॉम्प्युटर सासरी चादर घालून झाकलेला असतो. नवरा खेळतो, त्याला घरात कोणी काही म्हणत नाही, ती बसली की सासूबाई येऊन विचारतात, 'काम नाही का काही?' जेवणाच्या सुट्टीत ती आमच्या गप्पा ऐकते आणि गेममध्ये खेळायला कुठला नवीन मॅप (नवी जागा) आला ते विचारते. तिच्या घरात तिचा वार कोण लिहिणार आहे?

तुमच्या पेपरात या विषयावर डॉक्टरांचे आणि मानसोपचारतज्ज्ञांचे लेख येतातच, ते यावेतच. पण ज्यांचे नवरे रात्री हेडफोन लावून बसतात त्या बायकांना, आणि ज्यांना स्वतःला खेळायचंय पण बसू दिलं जात नाही त्या बायकांनाही लिहायला सांगा. त्यांची पत्रं छापा. मला ती वाचायची आहेत, आणि आमच्या शुक्रवारच्या ग्रुपवर सगळ्यांना वाचून दाखवायची आहेत.

आपला,
एक वाचक
वर्तकनगर, ठाणे