नवोदितांच्या अंकाविषयी मित्रास पत्र

जळगाव

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोचले. विज्ञानकथा, अद्भुतकथा आणि त्याच वळणाची कविता यांसाठी, तेही केवळ नवोदितांसाठी, वेगळे अनियतकालिक काढण्याची हौस मला का सुचली, एवढे दिवाळी अंक निघतात ते काय थोडे आहेत, असे तू विचारले आहेस. प्रश्न रास्त आहे. १९०९ साली का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी कथेचा मोठा संसार या अंकांवरच चालत आला आहे, आणि आपण दोघेही तेच वाचत वाढलो. परंतु दिवाळी अंकाचे गणित निराळे असते. जाहिराती मिळवायच्या तर मुखपृष्ठावर परिचित नावे लागतात, त्या नावांसाठी पाने राखून ठेवावी लागतात, आणि मग उरलेल्या जागेत अनोळखी मुलाची हजार शब्दांची कथा बसली तर बसते. ती बसली नाही, हेही त्या मुलाला बहुधा अंक बाजारात आल्यावरच कळते.

म्हणून मी दोनच गोष्टी ठरवल्या आहेत: लेखन नाव झाकून वाचायचे, आणि प्रत्येकाला लेखी उत्तर द्यायचे. नाव झाकणे ही माझी युक्ती नव्हे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने आलेल्या ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले बक्षीस मिळाले. जयंत विष्णू नारळीकरांनी स्वतःची आद्याक्षरे उलटी करून ते नाव घेतले होते. जगविख्यात शास्त्रज्ञाला आपल्या नावाचे वजन परीक्षकांवर पडू नये असे वाटले. मला उलट्या टोकाची काळजी आहे. नावाला काहीच वजन नसल्यामुळे ज्यांचे पाकीट उघडलेच जात नाही, त्यांची.

आपल्या खानदेशाने तर दोन्ही टोके पाहिली आहेत. १९०७ साली याच जळगावात भरलेल्या कविसंमेलनात जेमतेम सतरा वर्षांच्या त्र्यंबक ठोमरे यांना अध्यक्ष डॉ. कीर्तिकरांनी ‘बालकवी’ म्हणून गौरवले. आणि येथून हाकेच्या अंतरावरच्या आसोद्याच्या बहिणाबाईंची कविता पुस्तकरूपाने आली ती १९५२ साली, त्या गेल्यानंतर. एकाला वेळेवर व्यासपीठ मिळाले, दुसरीला मिळाले नाही, यात दोघांच्याही गुणवत्तेचा काही संबंध नव्हता.

आता आलेल्या लेखनाविषयी सांगतो. निम्म्याहून अधिक कथांत अमेरिकेतील एक प्रयोगशाळा, एक विक्षिप्त प्राध्यापक आणि शेवटी ‘हे सारे स्वप्न होते’ असा खुलासा असतो. (स्वप्नातून जागे होणाऱ्या नायकांवर काही काळ बंदी घालावी असे मला मनापासून वाटते.) परंतु मधूनच असे काही हाती येते की दिवस सार्थकी लागतो. रावेरकडच्या एका विद्यार्थिनीने पाठवलेल्या कथेत उन्हाळा इतका वाढला आहे की गाव दिवसा झोपते आणि रात्री कामाला लागते. केळीची कापणी, बाजार, लग्ने सगळे चांदण्यात होते, शाळेची घंटा रात्री नऊला वाजते, आणि नायिकेने जन्मात कधी भरदुपार पाहिलेली नाही. मे महिन्यात पंचेचाळीस अंश सोसणाऱ्या आपल्यासारख्यांना ही कल्पना फार दूरची वाटत नाही, हीच तिची ताकद. दोष एकच होता: पहिले तीन परिच्छेद तापमानवाढीची कारणे समजावण्यात खर्ची पडले होते. मी तिला लिहिले की ते काढून टाका आणि घंटेपासून सुरुवात करा. गाव रात्री का जागते हे वाचकाला पानभरात आपोआप उमगेल. तिने तसे केलेच, शिवाय भरदुपार पाहायला चोरून बाहेर पडण्याचा एक प्रसंग स्वतःहून वाढवला, जो मला कधीच सुचला नसता.

कवितेत निराळाच पेच उभा राहिला. एका कवितेत सासुरवाशीण आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी येते ती मंगळावरून. तिकडचे वर्ष आपल्या ६८७ दिवसांचे, त्यामुळे तिच्या दर वर्षाला आईची जवळजवळ दोन वर्षे होतात, आणि आईच्या अंगणातल्या आखाज्या तिच्यावाचून जातात. कल्पना इतकी सुरेख की मी खुर्चीतून उठलोच. परंतु शेवटी ती निंबाच्या झोक्यावर बसते तेव्हा ‘इथला झोका तिकडच्याहून संथ’ असे लिहिले होते, आणि ते भौतिकशास्त्राच्या उलट आहे. मंगळाचे गुरुत्व आपल्या चाळीस टक्क्यांहूनही कमी, म्हणून झोका तिकडे संथ जाईल, इथे चटकन परत येईल. कवितेत असली चूक दाखवावी का? माझ्या मते दाखवावी, मात्र दुरुस्ती आपण करू नये. कवीला कळवले, आणि उत्तरी आलेल्या ओळींत माहेरचा झोका लवकर परततो, माहेरपणासारखाच लवकर सरतो. मूळ ओळींपेक्षा हे कितीतरी सरस आहे.

छपाईचे थोडक्यात. बत्तीस पाने, सोळा पानांचे दोन फर्मे, मध्ये पिना. डोकेदुखी आहे ती अक्षरजुळणीची: मुले युनिकोडमध्ये टंकून पाठवतात, छापखान्यातला ऑपरेटर तो मजकूर जुन्या फॉन्टमध्ये बदलून घेतो, आणि त्या रूपांतरात ‘ताऱ्यांच्या’मधला अर्धा र हमखास मोडतो. आपल्या अंकात तारे किती, हे तू ओळखशीलच. तेव्हा अंतिम मुद्रिते मी अक्षर न् अक्षर तपासणार आहे.

मानधन लहानच असेल, पण कथा-कविता असा भेद न करता सर्वांना सारखे आणि अंकासोबतच देणार आहे. हक्कांबाबत एकपानी करारपत्र करतो आहे, कारण नवे लेखक ‘छापताय ना, मग झाले’ म्हणून गप्प बसतात. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्कांचे हस्तांतरण लेखीच लागते, आणि त्यात मुदत नमूद नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. आपण फक्त प्रथम प्रसिद्धीचा हक्क घेऊ आणि तसे स्पष्ट लिहू. पुढे रावेरकडच्या त्या मुलीचा कथासंग्रह निघाला तर तिला आपल्या परवानगीसाठी हेलपाटे घालावे लागू नयेत.

आता मूळ मुद्दा. दुसरा वाचक म्हणून मला तू हवा आहेस. आपल्या दोघांच्या आवडी जुळत नाहीत, तुला भयकथा रुचतात आणि मला त्यांचा कंटाळा येतो, म्हणूनच हवा आहेस. होकार कळवलास की पहिला गठ्ठा रवाना करतो. नावांच्या जागी केवळ क्रमांक असतील. त्यात एका दीर्घ कवितेवर मी अडलो आहे, परंतु ती कोणती आणि का, हे तुझे टिपण हाती येईपर्यंत सांगणार नाही.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
जळगावकर