न हलणाऱ्या दप्तरावरचे बल

महोदय,

आठवीत शिकणाऱ्या माझ्या मुलाला घटक चाचणीत प्रश्न होता : टेबलावर ठेवलेल्या दप्तरावर कोणती बले कार्य करतात? ‘दप्तर हलत नाही, म्हणून एकही नाही’ असे त्याने लिहिले आणि गुण गेले. उत्तर चुकलेच होते, गुणांबद्दल माझी तक्रार नाही. बलाची व्याख्या त्याला स्वल्पविरामासकट पाठ होती आणि नेमकी तीच नडली. स्थिर वस्तूला हलवते, हलणारीचा वेग किंवा दिशा बदलते ते बल, एवढेच घोकले की जिथे हालचाल नाही तिथे बल नाही, असे मुले सहज धरून चालतात.

त्या रविवारी रद्दीवाले काका आले, तेव्हा त्यांचा आकडीचा तानकाटा पाच मिनिटे मागून घेतला आणि त्याला दप्तर अडकवले. काटा ६ किलोवर थांबला. दप्तर निश्चल, पण आतली स्प्रिंग ताणलेली. ती जेवढ्या जोराने वर ओढते तेवढ्याच जोराने पृथ्वी खाली ओढते आहे, हे सांगावे लागले नाही. मग मुलाने दप्तराखाली तळहात लावून ते हलकेच पेलले, तसा काटा ४ वर आला. उरलेला भार त्याच्या हातावर होता, आणि टेबल सगळाच भार असा पेलते, हे त्याचे त्यालाच सुचले. काका मात्र आठवीच्या पोराच्या पाठीवर ६ किलो पाहून हळहळत होते, तेही काही गैर नव्हते.

वस्तुमान आणि वजन यांतला घोळही याच काट्यावर सुटतो. व्यवहारात आपण ‘६ किलो वजन’ म्हणतो. विज्ञानात ६ किलोग्रॅम हे वस्तुमान, आणि पृथ्वी त्याला ज्या बलाने ओढते ते, म्हणजे सुमारे ५९ न्यूटन, हे वजन. हा तानकाटा चंद्रावर नेला तर तो जेमतेम १ किलो दाखवील, कारण तेथील गुरुत्वीय ओढ पृथ्वीवरच्या सुमारे एकषष्ठांश आहे. भाजीवालीच्या जुन्या तागडीत मात्र तेथेही ६ किलोचीच मापे टाकावी लागतील, कारण ओढ दोन्ही पारड्यांवर सारखीच घटते.

शाळेच्या प्रयोगशाळेत तानकाटा बहुधा असतोच. बलाचा धडा सुरू करताना तो कपाटातून काढून बाकाबाकांवर फिरवावा (लहान काटा दप्तर पेलणार नाही, डबा चालेल), मुलांनी न्यूटनमध्ये वाचन नोंदवावे आणि व्याख्या त्यानंतर फळ्यावर लिहावी, अशी विज्ञान शिक्षकांना आपल्या पत्रातून विनंती आहे.

आपला,
एक पालक, दादर, मुंबई