मोबाइल ग्राफिक्स लायब्ररीतील सदोष स्किनिंगबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

नंदुरबार येथे आम्ही शाळांसाठी मोबाइल ॲप तयार करतो. सातपुड्यातील होळीचे नृत्य मुलांना त्रिमितीत दाखवणाऱ्या ॲपसाठी आम्ही आपल्या कंपनीच्या ग्राफिक्स लायब्ररीचा परवाना विकत घेतला, कारण ‘ओपनजीएल ईएस २.० पासून पुढच्या सर्व फोनवर संपूर्ण व्हर्टेक्स स्किनिंग’ असे आपल्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेले आहे. (ओपनजीएल ईएस हे मोबाइलवर चित्रे काढण्याचे मानक आहे. आकृतीच्या पृष्ठभागावरील बिंदू, म्हणजे व्हर्टेक्स, आतल्या सांगाड्याबरोबर हलवणे म्हणजे स्किनिंग.) प्रत्यक्षात हे विधान टिकत नाही.

होळीच्या नृत्यातील आमच्या ‘बुध्या’ या नर्तकाच्या सांगाड्यात ३८ बोन्स, म्हणजे हलणारी आभासी हाडे, आहेत. त्यांतील बरेचसे मोरपिसांच्या टोपासाठी आणि कमरेला बांधलेल्या भोपळ्यांसाठी लागतात, आणि ते डोलले नाहीत तर त्या नृत्याला अर्थ उरत नाही. महागड्या फोनवर सर्व ठीक दिसते. मात्र आमच्या भागातील पालकांकडे जे स्वस्त, जुने फोन असतात, त्यांवर पिसे आणि बोटे ताणली जाऊन पडद्याबाहेर जातात, आणि लायब्ररी त्याबद्दल एकही त्रुटी-संदेश देत नाही.

कारण आम्ही शोधले आहे. ओपनजीएल ईएस २.० च्या मानकानुसार व्हर्टेक्स शेडरला (प्रत्येक व्हर्टेक्सची जागा ठरवणाऱ्या छोट्या प्रोग्रामला) किमान १२८ युनिफॉर्म व्हेक्टर (प्रत्येकी चार संख्या मावतील अशा जागा) मिळण्याची हमी असते. त्याहून अधिक देणे फोन बनवणाऱ्याच्या मर्जीवर असते. आपली लायब्ररी प्रत्येक बोनसाठी पूर्ण ४×४ मॅट्रिक्स (बोनची जागा व वळण सांगणारा संख्यांचा तक्ता), म्हणजे चार व्हेक्टर खर्च करते. ३८ बोन्सना १५२ व्हेक्टर लागतात, म्हणून ती न सांगता २८ बोन्सवर थांबते आणि उरलेल्या बोन्सना बांधलेले व्हर्टेक्स वाऱ्यावर सोडते. वास्तविक या मॅट्रिक्सची शेवटची ओळ नेहमी ०, ०, ०, १ अशीच असते, त्यामुळे ती पाठवण्याची गरजच नाही. तीन व्हेक्टरांत काम भागवले तर ११४ लागतात, आणि कॅमेरा व प्रकाश यांच्यासाठी १४ शिल्लक राहतात. ज्या फोनवर याच मानकाची पुढची आवृत्ती ईएस ३.० आहे तिथे तर युनिफॉर्म बफरचा (अशाच संख्या ठेवण्याच्या वेगळ्या जागेचा) ब्लॉक किमान १६,३८४ बाइटपर्यंतचा मिळतो. त्याचाही आपण उपयोग केलेला नाही.

आपल्या प्रतिनिधींनी ‘फोनचीच क्षमता कमी आहे’ असे उत्तर दिले. ते आम्हांला मान्य नाही. ईएस १.१ च्या काळात मॅट्रिक्स पॅलेट (स्किनिंगची तयार सोय) हे ऐच्छिक एक्स्टेन्शन, म्हणजे फोनमध्ये असेलच असे नाही अशी जोडसुविधा, होते, तेव्हा असे उत्तर योग्य ठरले असते. २००७ मध्ये आलेल्या २.० ने चित्र काढण्याची जुनी ठरावीक पद्धत काढून टाकली आणि स्किनिंग पूर्णपणे शेडर लिहिणाऱ्याकडे सोपवले. इथे शेडर आपला आहे. मोठे मॉडेल बोन्सच्या गटांनुसार तुकडे करून काढणे, किंवा अगदीच जमले नाही तर प्रोसेसरवर गणित करणे, हे उपायही या क्षेत्रात जुनेच आहेत.

तरी लायब्ररी सुरू होताना फोनची खरी मर्यादा विचारून घ्यावी, तीन ओळींचे मॅट्रिक्स वापरावे, आणि मर्यादा ओलांडली गेल्यास स्पष्ट त्रुटी दाखवावी, अशी सुधारित आवृत्ती आपण आम्हांला तीस दिवसांच्या आत द्यावी. ती देता येत नसेल तर परवाना शुल्क पूर्ण परत करावे आणि माहितीपत्रकातील ‘सर्व फोनवर’ हे शब्द काढून टाकावेत, जेणेकरून दुसरा ग्राहक त्यावर विसंबून पैसे भरणार नाही. अन्यथा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार आम्ही जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागू.

बिलाची प्रत, दोन्ही प्रकारच्या फोनवरील चित्रफिती आणि दोष दाखवणारे लहान मॉडेल सोबत जोडले आहे.

आपला,
एक परवानाधारक ग्राहक
नंदुरबार